ज्याची हाक, त्याचं वझं

तुमच्या एका शब्दावर आजवर कोणी आपलं घर डोक्यावर घेऊन चालू लागलं आहे का?

घाईने हो म्हणू नका. घर म्हणजे खरोखरीचं घर : खाट, गाडगी, कोंबड्या, आजारी सासू, दाराला लावलेलं पोतं. मी मॅट्रिकच्या आधीपासून लिहिते आहे. नळासाठी पत्रक लिहिलं, कंत्राटी मजुरांसाठी लिहिलं, हुंड्याविरुद्ध तर दरवर्षी लिहिलं. लोकांनी माना डोलावल्या, कधी टाळ्याही दिल्या. पण माझं वाचून कोणी जागचं हललं असेल, तर ते सभा संपली म्हणून. आणि माझी वैनी, माझ्या दादाची बायको, चौथीत शाळा सुटलेली, नदीकाठच्या एका दगडावर चढून दोनदा ओरडायची आणि खालची सगळी वस्ती घरं उचलून चालू लागायची. तिचा मला हेवा वाटायचा, असं लिहायला मी बसले होते. तो अजून वाटतो. तेव्हा तसंच लिहिते.

आम्ही खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. बाबा बॉयलरवर, दादा कोळशाच्या कामावर. कॉलनीच्या खालच्या अंगाला कन्हान नदी. थंडी सरत आली की नदी एका कडेला आकसून वाहते आणि उरलेलं पात्र म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूत आळी करून लोक टरबूज, खरबूज, काकडी लावतात आणि पीक संपेपर्यंत तिथंच झोपड्या घालून राहतात. त्या वस्तीला आमच्याकडे वाडी म्हणतात. नागपूरच्या बाजारात वैशाखात तुम्ही जे टरबूज थापट्या मारून पारखता, ते अशाच एखाद्या वाडीतून आलेलं असतं. वैनीचे वडील, ज्यांना सगळे नत्थूबाबा म्हणत, त्या वाडीचे म्होरके. लोकांच्या सुनांचं माहेर नदीपलीकडे असतं. हिचं नदीत होतं.

विदर्भात उन्हाळा सुरू होता होता आभाळ फार लहरी होतं. दुपारी अंग भाजतं, चारला धुळीची वावटळ उठते आणि पाचला गारा. पण वाडीला आपल्या डोक्यावरच्या पावसाचं भय नसतं. भय असतं वरच्या अंगाला, छिंदवाड्याकडच्या डोंगरात पडलेल्या पावसाचं. तो इथं दिसत नाही. इथं ऊन पडलेलं असतं, पोरं वाळूत खेळत असतात, आणि नदीतून तांबड्या पाण्याचा लोंढा येतो. म्हणून कोणीतरी काठावरून हाक द्यावी लागते. लग्न होऊन आमच्या घरी आल्यावर ते काम वैनीने कोणाला न विचारता घेऊन टाकलं.

हाक एवढीच : "चढा वोऽऽ! चढा!"

तिचा बोलण्याचा आवाज घोगरा होता, तपकीर ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. पण दगडावर चढली की त्याच गळ्यातून काहीतरी निराळंच निघायचं. केंद्राचा भोंगा वाजला तर आम्ही घड्याळ पाहायचो. वैनीची हाक आली की आई हातातलं लाटणं खाली ठेवायची. वैनीला ते ठाऊक होतं आणि ते ठाऊक असल्याचं ती लपवत नव्हती. लाजरीबुजरी, गुणी वगैरे सुना मी कथांत वाचल्या आहेत. आमच्या घरात त्यातली एकही आली नाही. जेवताना ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "माया आवाज कन्हानच्या त्या कडले जाते, बाई. तुमचा भोंगा नुस्ता कॉलनीतच फिरून राह्यते." मी नणंद, म्हणून मला ती 'बाई' म्हणायची आणि 'तुमी' म्हणायची. तो मान मला टोचायचा. मान देऊन ती मला बाजूला बसवते आहे असं वाटायचं.

आता कोणी म्हणेल, तिला आभाळ कळत असेल. अजिबात नाही. हे मी जबाबदारीने लिहिते, कारण मी तपासलं आहे. तिच्या खुणा होत्या खूप : म्हशीने नाक वर केलं, मुंग्यांनी अंडी हलवली, केंद्राच्या चिमणीचा धूर खाली बसला, तिचा स्वतःचा डावा गुडघा ठणकला. एक उन्हाळाभर मी या खुणांवर लक्ष ठेवलं. म्हशीचं नाक रोजच वर असतं. धूर हवेप्रमाणे बसतो आणि उठतो. गुडघा तर पाणी भरलं की ठणकायचा. मी तिला म्हटलंही, "वैनी, तुझ्या चार हाकांतल्या तीन खोट्या पडतात."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिनाचं वझं कोनं वाह्यलं मंग? तुमी?"

इथे वाडीचा कायदा सांगायला हवा. तो कुठं लिहिलेला नाही आणि कोणी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्याची हाक, त्याचं वझं. हाक ऐकून वाडीने वर यायचं, वाद घालायचा नाही. पण हाक खोटी पडली, पाणी आलं नाही, तर दुसऱ्या सकाळी प्रत्येक झोपडीचं सामान हाक देणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावरून परत वाळूत नेऊन ठेवायचं. कोणी हात लावायचा नाही. चुंबळसुद्धा द्यायची नाही. आणि त्याचं ओझं उतरेपर्यंत त्याला वाटेल ते बोलायचा वाडीला पूर्ण अधिकार. हाक खरी पडली तर ओझं माफ. बस, आणखी काही नाही. आभार नाहीत, हारतुरे नाहीत.

त्यामुळे वैनीच्या खोट्या पडलेल्या हाकांची सकाळ म्हणजे कॉलनीची जत्रा असायची. वैनी पदर खोचून, चुंबळ डोक्यावर ठेवून पहिली खाट उचलायची आणि वाडीचं सुरू व्हायचं.

"काहून वं पोरी, पानी कुठी राह्यलं? त्याची एस्टी चुकली का?"

"येऊनच राह्यलं काका. तुमच्यासारखंच तंबाकू घोटत बसलं असन वाटेत."

"अन् गारा पडनार होत्या नं?"

"पडल्या नं. तुमच्या अकलेवर पडल्या. दिसल्या नाई तुमाले?"

एक म्हातारी होती, तिला चालता यायचं नाही. तिला वैनी पाठुंगळी घ्यायची. म्हातारी तिच्या खांद्यावरून सगळ्यांना सांगायची, "हळू म्हना रे इले, मी टरबूज नोहो!" आणि वाडी वाळूत लोळून हसायची. खोटं पडलेल्या माणसाला लोक असं जवळ करतात हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी खोटी पडायला घाबरायचे. ती मात्र मजेत खोटी पडायची, आणि पुढच्या वेळी हाक दिली की तीच माणसं पुन्हा घरं उचलायची.

मी पत्रकांवर वाढले. छप्पन साली बाबांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा मी पाळण्यात होते. बाबा त्या दिवशी दोन गोष्टी घेऊन घरी आले, एक नवा धर्म आणि पत्रकांची चळत. अक्षरं मी त्या चळतीवर बोट ठेवून शिकले. पुढे मी लिहू लागले तेव्हा रविवारी सकाळी बाबा अंगणात खुर्ची टाकून माझा मजकूर तपासायचे. एकेक ओळ मोठ्याने वाचायचे. "हे बेस आहे, सुजाता. 'गुलाम' शब्द दोनदा आला, एक काढून टाक." आठवड्यातला तो एक तास माझा होता. वैनी आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका रविवारी बाबा माझा कागद अर्धा वाचून उठले. खाली वैनी ओझी नेत होती. "येतो पाहून," म्हणाले आणि गेले ते जेवायलाच परतले, हसून हसून डोळे पुसत. कागदावर दगड ठेवला होता तो तसाच.

त्या उन्हाळ्यात मी ठरवलं की वाडीला सावध करण्याचं काम शास्त्रशुद्ध व्हायला पाहिजे. रेडिओवर सूचना लागली : मेघगर्जनेसह वादळ, गारपीट, नदीनाल्यांना अचानक पूर येण्याचा संभव. मी कामगारांच्या संघटनेच्या कचेरीत जाऊन सायक्लोस्टाईलवर पत्रक काढलं. 'नदीपात्रातील बंधुभगिनींनो, सावधान!' खाली पुराची कारणं, सोपी करून. अंधश्रद्धेवर एक परिच्छेद, त्यात म्हशीचं नाक. वाडीत जाऊन प्रत्येक झोपडीत दिलं. नत्थूबाबांनी नातीकडून सगळं वाचून घेतलं, शेवटपर्यंत ऐकलं.

"लिवलं बेस हाय, बाई. पन हे खोटं पडलं तं वझं कोनाचं?"

"पत्रक खोटं पडत नसतं बाबा. ही रेडिओची सूचना आहे."

"मंग सकायी रेडिओले धाडजो वझं उचलाले."

कोणी उठलं नाही. पाणीही आलं नाही, पण तो मुद्दा नाही. परतताना मी पाहिलं, नत्थूबाबांनी माझं पत्रक घडी घालून एका मोठ्या टरबुजाखाली सरकवलं होतं. ओल लागून बूड सडू नये म्हणून खाली काहीतरी घालतात. "कागद जाड हाय," ते कौतुकाने म्हणाले. घरी येऊन मी वैनीशी दोन दिवस बोलले नाही. तिने काय केलं होतं? काही नाही. म्हणूनच.

पुढच्या वर्षी वैशाखात वैनीला दिवस गेलेले होते आणि पोट चांगलं दिसू लागलं होतं. आईने तिला सांगून टाकलं, यंदा दगडावर चढायचं नाही. आणि वाडीचाही नियम होताच : जिला ओझं उचलता येणार नाही, तिची हाक धरायची नाही. मला बरं वाटलं. एक उन्हाळा तरी घरात त्या हाकेचं कौतुक ऐकावं लागणार नव्हतं.

एका दुपारी रेडिओने पुन्हा तीच सूचना दिली, यावेळी जरा जास्तच जोरात, म्हणजे 'तीव्र' हा शब्द घालून. बाहेर येऊन पाहिलं तर उत्तरेकडचं आभाळ वांग्यासारखं झालं होतं आणि त्यात वीज नुसती पेटत होती, आवाज नाही. मी काठावर धावले. दगडाजवळ उभी राहून रेडिओचे शब्द जसेच्या तसे मोठ्याने सांगितले. खाली लोक वेलींवर गवत पसरत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा वाकले.

मागून वैनी आली. सावकाश, एक हात कमरेवर, धापा टाकत. मला ओलांडून दगडावर चढली. अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच खालून नत्थूबाबा ओरडले, "उतर वं पोरी! तुई हाक यंदा धरत नाई आमी. त्या पोटानं वझं नेशीन का?"

वैनीने माझ्याकडे बोट केलं. "हाक माई, वझं इचं!"

वाडीतली सगळी माणसं ताठ उभी राहून माझ्याकडे पाहू लागली. इतके लोक माझ्या उत्तरासाठी थांबले आहेत असं माझ्या आयुष्यात प्रथमच होत होतं, आणि तेही हिच्या बोटामुळे! उत्तरेला वीज पेटत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हाक हिची आणि डोकं माझं?

"हाकही माझीच राहील," मी म्हटलं. "उतर खाली."

वैनी हसली. उतरताना माझा खांदा धरला आणि कानाशी म्हणाली, "दम पोटातून घ्या बाई, गयातून नोका घेऊ."

मी दगडावर चढले आणि हाक दिली. आवाज मधेच चिरकला. वाडीतलं कुत्रं भुंकलं, पोरं हसली. हसली नाहीत ते फक्त नत्थूबाबा.

"वझं?"

"उचलीन."

"सगयं?"

"सगळं."

"म्हातारी बी?"

"ती पण."

त्यांनी धोतर खोचलं आणि मागे वळून म्हणाले, "चढा गा. बाई कबूल हाय."

आणि वाडी चढली. खाटा, कोंबड्या, पिंपं, म्हातारी, सगळं. ते दृश्य मी डोळे भरून पाहिलं असतं, पण वावटळ आली आणि डोळे धुळीने भरले. मग गारा. केंद्राच्या पत्र्यांवर असा आवाज की शेजारचं बोललेलं ऐकू येईना. कॉलनीच्या सायकल स्टँडखाली सगळी वाडी दाटीवाटीने बसली होती आणि अंधार पडायच्या आत आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. चूल पेटवताना बाया माझ्याकडे पाहून गालात हसू लागल्या.

सकाळी उठल्याबरोबर मी नदी पाहिली. नदी जिथे होती तिथेच होती. कोणाचं काही वाहून जावं असं मला वाटत नव्हतं. पण थोडं पाणी यायला काय हरकत होती? घोट्याएवढं. माझ्या शब्दापुरतं.

चुंबळ माझ्याकडे नव्हती आणि वाडी देत नाही. वैनीने आपली फेकली, जुन्या हिरव्या लुगड्याची, घामाने कडक झालेली. मग ती त्या दगडावर जाऊन बसली, पाठ आमच्याकडे, तोंड नदीच्या वरच्या अंगाला, कारण ऊन मागून येत होतं. हातात मीठ लावलेली कैरी. मान वळवून वळवून ती मला शिकवत होती.

"खाट डोक्यावर घेतात बाई, डोकं खाटीत नाई घालत!"

"लेखनी हलकी राह्यते, नाई का वं बाई?" नत्थूबाबा काठावरच्या निंबाखालून विचारत होते. त्यांच्याभोवती उरलेली वाडी आपापल्या सामानावर पाय पसरून बसली होती, पाहुण्यांसारखी. मी पहिलं ओझं उतरवून वर येईपर्यंत पोरांचा एक खेळ संपून दुसरा सुरू व्हायचा. वैनी एवढ्या वेळात अर्धी वाडी उतरवत असे, हे मला निंबाखालच्या प्रत्येकाने आळीपाळीने सांगितलं. ऊन डोक्यावर आलं तरी माझ्याकडून जेमतेम चार-पाच झोपड्यांचं सामान खाली गेलं होतं. तेवढीच घरं वाळूत परतली होती.

तेवढ्यात बाबा आले. मला वाटलं, मला पाहायला आले. मी मान ताठ केली. ते वैनीशेजारी दगडावर टेकले आणि तिच्या हातातली कैरीची फोड घेऊन खाऊ लागले. डोक्यावर नत्थूबाबांचं ज्वारीचं पिंप होतं म्हणून, नाहीतर मी त्या दोघांना काहीतरी बोलले असते.

मी पिंप घेऊन वाळूच्या मध्यावर होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आणि मागून आलं, "चढा वोऽऽ! चढा!"

नियम सगळ्यांना ठाऊक होता. हिची हाक यंदा धरायची नव्हती. पण वाळूतल्या एकानेही तो नियम आठवला नाही. बायांनी पोरं काखेत मारली आणि धावल्या. निंबाखालून नत्थूबाबा उलटे खाली धावले, एका म्हाताऱ्याचा हात धरून त्याला ओढत वर नेलं. मीही धावत होते, पिंपासकट. ते माझं ओझं होतं. मी कबूल केलं होतं.

"बाई, पिंप टाका!" वैनी ओरडली. मी टाकलं नाही. वरून घूं असा आवाज येत होता, रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा ओतताना येतो तसा. "बाई, टाका वं!" मी टाकलं नाही. मग वैनी दगडावर उभी राहिली आणि माझ्यावर अशी हाक मारली की ती अजून माझ्या पाठीत आहे. "सुजेऽ! टाक थे पिंप, सटवे!"

मी पिंप टाकलं आणि पळाले. काठाची माती हाताला लागली तेव्हा मागे वाळू उरली नव्हती. बोरीची आख्खी झुडपं, बांबू, कोणाची तरी मेलेली शेळी, आणि मग आमच्या वाडीची टरबुजं, एकामागून एक, हिरवी, डुलत डुलत चाललेली. वर सगळीकडे लख्ख ऊन.

वाडी काठावर उभी राहून पीक जाताना पाहत होती. पीक गेलं, झोपड्या गेल्या. माणूस एक गेलं नाही. नत्थूबाबा प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत फिरत होते. माझ्यापाशी आले, माझ्याही डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "बाईचा पाय जड म्हनून वाचलो गा. पोरीनं वाह्यलं असतं तं सकायीच सारे खाली निजलो असतो." लोक रडत होते, त्यातच हसले.

"बाबा, तुमचं पिंप…" मी म्हटलं.

"हाक खरी पडली नं तुई," ते म्हणाले. "माफ."

माझ्या लिहिण्याबोलण्याला मिळालेला आजवरचा सगळ्यात मोठा मान हाच. पण तोवर तो ऐकायला जवळ कोणी उरलं नव्हतं. सगळे वैनीभोवती होते. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं, वैनीच्या हाकेने वाडी वाचली. माझी हाक खरी होती, एक दिवस आधी आली एवढंच. माझ्या हाकेने सामान आणि म्हातारी वर आली होती, आणि माझ्या मंद पायांनी ती वरच राहिली होती. वैनी काय करत होती? कैरी खात होती. तिचं तोंड त्या बाजूला होतं म्हणून तिला लोंढा दिसला. तिथे बकरी बांधली असती तर बकरीलाही दिसला असता. हे सगळं मी त्या रात्री आईला ऐकवलं. आई म्हणाली, "होय माय. पन बकरीच्या हाकेनं कोनी चढलं असतं का?"

वैनीला मुलगी झाली. दोन उन्हाळ्यांनंतर कोराडीचं नवं केंद्र सुरू झालं आणि दादाची बदली तिकडे झाली. निघायच्या दिवशी वाडीने इतकी टरबुजं आणून दिली की ट्रकमध्ये वैनीला बसायला जागा उरेना. ती गादीच्या वळकटीवर बसली, मुलगी मांडीवर. हिरवी चुंबळ माझ्याकडे फेकून म्हणाली, "दगड तुमचा, बाई. पन नाव मायंच राहीन हो." लोंढ्याच्या त्या दिवसानंतर मी पुन्हा 'बाई' झाले होते. 'सुजे' तिने त्यानंतर कधी म्हटलं नाही. खरं सांगू? मी वाट पाहते.

कोराडीला नदी नाही, राख आहे. मी गेले की वैनी गच्चीवर नेऊन उत्तरेचं आभाळ दाखवते आणि चुकीचे अंदाज सांगते. उन्हाळ्यात बसच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडते, "बाईले सांगा, गुडघा दुखून राह्यला." मी गुडघ्यावर विश्वास ठेवत नाही, रेडिओ ऐकते, आणि दगडावर चढते. वाडी खालून विचारते, "वैनीनं सांगतलं का?" मी दात आवळून हो म्हणते. मग ते चढतात. बहुतेक वेळा पाणी येत नाही. सकाळी मी ओझी नेते. आता माझा पाय तितका जड राहिलेला नाही.

पत्रकं मी अजून लिहिते. पण आता प्रत्येक पत्रकाच्या खाली माझा राहता पत्ता घालते आणि एक ओळ लिहिते : यातलं खोटं निघालं तर इथे या. काही लोक येतातही. बसतात, चहा पितात, शिव्या देतात. आणि पुढचं पत्रक वाचतात.

आता मला कुहीच्या शाळेत नोकरी लागली आहे. येत्या उन्हाळ्यात मी खापरखेड्याला नसेन. वाडी असेल. दगड रिकामा असेल. म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी जो कोणी त्या काठाजवळ, किंवा अशा दुसऱ्या कोणत्या नदीकाठी राहत असेल, त्याला माझं सांगणं आहे. आवाज चांगला नसला तरी चालतो, माझा नाही. आभाळातलं कळत नसलं तरी चालतं, वैनीला कळत नाही. वादळाची, पुराची सूचना रेडिओवर ऐकलीत की घरात बसून हळहळू नका. काठावर जा, उंच जागी उभे राहा, दम पोटातून घ्या आणि हाक द्या. लोक विचारतील, वैनीनं सांगितलं का? हो म्हणा. जिवावर येईल, पण म्हणा. आणि पाणी आलं नाही, तर सकाळी ऊन चढायच्या आत पुन्हा तिथं जा.

चुंबळ मात्र घरून न्या. वाडीवाले देत नाहीत.